काय येतं ते लिहा

चौथीत असताना मला हस्ताक्षर स्पर्धेत पहिलं बक्षीस मिळालं होतं. स्टीलचा पेला. त्यावर ठिपक्याठिपक्यांनी माझं नाव आणि १९७१ हे साल कोरलेलं आहे. घासून घासून नाव पुसट झालंय, साल मात्र शाबूत आहे. मी अजून त्याच पेल्याने पाणी पिते.

त्या पेल्याने माझं आयुष्य एका बाजूला लावून दिलं असं म्हटलं तरी चालेल. हिचं अक्षर छान, हे एकदा घरादारात ठरून गेलं. मग गल्लीतल्या लग्नपत्रिकांवरचे पत्ते माझ्याकडे, सत्यनारायणाची निमंत्रणं माझ्याकडे, आणि पुढे सरकारी कचेरीत लागले तर आवक-जावकचं रजिस्टरही माझ्याचकडे. ३१ वर्षं. २०२०ला निवृत्त झाले तेव्हा साहेब निरोपाच्या भाषणात माझ्या कामाबद्दल काही बोलले नाहीत, अक्षराबद्दल बोलले.

तर या अक्षरामुळेच वस्तीतल्या शाळेशी माझा संबंध आला. नागपुरात मानेवाडा रोडवरून आत वळलं की दोन गल्ल्या सोडून ही शाळा आहे. मराठी माध्यम, पहिली ते चौथी. दर जानेवारीत स्नेहसंमेलन असतं आणि त्याच्या आठवडाभर आधी शिपाईदादा कोऱ्या प्रशस्तिपत्रकांचा गठ्ठा घेऊन येतात. वीस-बावीस असतात. पहिला क्रमांक, दुसरा क्रमांक, उत्तेजनार्थ. मी एका दुपारी बसून नावं घालते, शाई वाळवते, मधे कागद ठेवून गठ्ठा बांधते आणि पाठवून देते.

जानेवारी २०२४ला शिपाईदादा आले नाहीत. मुख्याध्यापिका मॅडम स्वतः आल्या.

"काकू, यंदा काम थोडं जास्त आहे बरं का."

"किती?"

"एकाहत्तर."

एकाहत्तर म्हणजे शाळेचा अख्खा पट. मी म्हटलं, सगळ्यांनाच पहिला नंबर देऊन राहिल्या की काय? तर म्हणाल्या, नंबर कुणालाच नाही. प्रत्येकाच्या नावाखाली एक वाक्य घालायचं. जूनमध्ये त्याला जे येत नव्हतं आणि आता येतं, ते.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जून संपता संपता उघडतात. म्हणजे सहा-सात महिन्यांचा हिशेब. मला वाटलं सोपं आहे. चार ओळींऐवजी पाच ओळी लिहायच्या, बोटं दुखतील एवढंच.

पहिली यादी आली ती मी बघितली. मॅडमनी मुद्दाम दाखवली. एका वर्गाच्या सतरा नावांपुढे असं काहीतरी होतं: अभ्यासात प्रगती समाधानकारक. नियमित व आज्ञाधारक आहे. उपक्रमात आनंदाने सहभागी होतो. स्वतःहून प्रश्न विचारते. भाषा शुद्ध होती, अनुस्वार जागच्या जागी होते, आणि एकाचं वाक्य दुसऱ्याला लावलं असतं तरी कुणाला पत्ता लागला नसता.

यात त्या शिक्षिकेला दोष देण्यात अर्थ नाही. २०१०पासून पहिली ते आठवीला सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापन आलं. पहिली-दुसरीला शंभरातले ७० गुण वर्षभराच्या आकारिक मूल्यमापनाचे आणि ३० संकलितचे, म्हणजे सत्राअखेरच्या परीक्षेचे, तिसरी-चौथीला ६० आणि ४०. शिवाय प्रत्येक मुलाच्या वर्णनात्मक नोंदी. कल्पना चांगलीच होती. मुलाकडे रोज बघा आणि दिसेल ते लिहा, इतकी साधी. पण ज्या बाईंना पट सांभाळायचा, खिचडीचा हिशेब ठेवायचा, माहिती ऑनलाइन भरायची आणि उरलेल्या वेळात शिकवायचं, तिने रोज कुणाकुणाकडे बघावं? मग नोंदींच्या तयार पीडीएफ निघाल्या. विषयवार, श्रेणीवार. एका मोबाइलवरून दुसऱ्यावर. त्यातून वेचून प्रगतिपुस्तकात उतरवायचं. मीही कचेरीत ३१ वर्षं "योग्य त्या कार्यवाहीसाठी सादर" लिहिलंय, मला कळतं.

मॅडमनी यादी परत केली. हुशार, गुणी, चांगला, नियमित, समाधानकारक हे पाच शब्द बाद. "काय येतं ते लिहा," एवढंच म्हणाल्या. आणि पुढे, थोडं हसून, "काय येत नव्हतं ते आठवल्याशिवाय लिहिताच येणार नाही."

दुसरी यादी यायला सहा दिवस लागले. तीन बाया आणि एक सर. सरांनी म्हणे आधी चिडचिड केली आणि मग सगळ्यात लांब वाक्यं त्यांचीच आली. फुलस्केप कागदांवर, खाडाखोड केलेली. मी चार रात्री बसले. बर्डीच्या बाजारातून आणलेल्या कार्डशीटवर, कट निबने, आणि मधे मधे निब कापडाला पुसून. नागपूरच्या जानेवारीत रात्री बोटं गार पडतात, शाई हळू उतरते. म्हणून असेल कदाचित, पण पहिल्यांदाच मी लिहीत होते ते वाचतही होते.

"उसना घेतल्यावर शेजारच्या घरातला एक कमी करायचं आता विसरत नाही." इयत्ता दुसरी.

"धडा वाचताना पूर्णविरामाला थांबतो." तिसरी. हे मी लिहिलं आणि पूर्णविराम जरा मोठा काढला.

"पावणेपाच म्हणजे पाच व्हायला अजून पाव तास, हे घड्याळात दाखवते." तिसरीच. मराठीत सव्वा, पावणे, दीड, अडीच या भानगडी इतक्या घरच्या आहेत की त्या कधीतरी शिकाव्या लागल्या होत्या हे मोठी माणसं विसरूनच जातात. पावणेपाचमध्ये पाच ऐकू येतो आणि लहान काटा अजून चार-पाचच्या मधेच असतो. लेकराने काय करावं?

"शेवटच्या बाकावरून फळा दिसत नाही, हे स्वतः येऊन सांगितलं." चौथीतली मुलगी. याच्यावर शिक्षकांच्यात वाद झाला म्हणे. हे शिकणं म्हणायचं का? मॅडम म्हणाल्या, तीन वर्षं सांगितलं नव्हतं आणि आता सांगितलं, तर मधल्या काळात काहीतरी शिकलीच की. मुलीला ऑक्टोबरमध्ये चष्मा लागला.

आणि माझं आवडतं: "'र' कसाही आला तरी ओळखतो: सूर्य, चंद्र, ट्रक, दऱ्या." ज्याने आयुष्यभर अक्षरं काढली त्यालाच ठाऊक, हा र काय चीज आहे. सूर्यात डोक्यावर चढून बसतो, चंद्रात पायात तिरका घुसतो, ट्रकात खाली काकपदासारखा बसतो आणि दऱ्यांमध्ये पापणीच्या केसासारखा आडवा पडतो. चार सोंगं आणि उच्चार एकच. दुसरीतलं पोरगं ते ओळखतं म्हणजे त्याने शब्द पाठ केले नाहीत, आत शिरून बघितलेत. ते चार शब्द लिहायला मी पंधरा मिनिटं घेतली. इतका सुंदर ट्रक मी आयुष्यात काढला नव्हता.

एका वाक्याला मात्र माझा हात थांबला. "आता 'ळ' स्पष्ट म्हणतो." आमच्याकडे, वऱ्हाडी बोलीत, ळचा य होतो. शाळा नाही, शाया. काळा नाही, काया. माझी आजी जन्मभर 'डोया' म्हणाली, आणि तिच्या डोयांना शंभर पावलांवरची चोरी दिसायची. मी मॅडमना फोन केला. म्हटलं, हे शिकणं झालं की विसरणं? पलीकडे थोडा वेळ कुणी बोललं नाही. मग म्हणाल्या, त्याच्या वर्गशिक्षिकेला विचारते. दुसऱ्या दिवशी वाक्य बदलून आलं: "वाचताना 'शाळा' वाचतो, घरी आजीशी 'शाया' बोलतो." हे मी बिनतक्रार लिहिलं.

चौथ्या रात्री सत्तर झाली आणि एक जागा रिकामी राहिली. पहिलीतला मुलगा. यादीत नावापुढे नुसती रेघ होती. पहिलीच्या बाईंना विचारलं तर रडवेल्या झाल्या. "काकू, तो बोलतच नाही हो. वर्गात येतो, बसतो, जातो. काय लिहू? खोटं लिहू?" खोटं लिहिलं असतं तरी कुणी विचारलं नसतं. 'आनंदी वृत्तीचा आहे' हे कुठल्याही न बोलणाऱ्या मुलाला लावता येतं. पण पाच शब्द बाद झाल्यावर सहावाही लिहवत नाही, अशी काहीतरी हवा शाळेत तयार झाली होती.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पहिलीचा वर्ग स्वतः घेतला आणि बाईंना सांगितलं, तुम्ही फक्त त्याच्या शेजारी जमिनीवर बसा. काही शिकवू नका. त्या रात्री दहा वाजता मला फोन आला. बाईंचा आवाज चढलेला होता, धावत येऊन सांगावं तसा. मुलांपुढे चिंचोके ठेवले होते, मोजायला. बाकीची पोट्टी एक, दोन, तीन करत मोठ्यांदा मोजत होती. हा गप्प. पण त्याने चिंचोके दोन-दोन करून मांडले, जोड्यांची रांग केली, आणि शेवटी एक उरला तो रांगेत न घालता गुडघ्याजवळ वेगळा ठेवला. बाईंनी गुपचूप आणखी एक चिंचोका सरकवला. त्याने गुडघ्याजवळचा उचलला, दोघांची जोडी लावली आणि वर बघितलं. बाई म्हणाल्या, "त्याने माझ्याकडे पहिल्यांदा वर बघितलं, काकू."

सम आणि विषम हे शब्द पहिलीत कुणी शिकवत नाही. मी लिहिलं: "चिंचोके जोडीजोडीने मांडतो. एक उरला तर वेगळा ठेवतो."

कार्यक्रम शनिवारी सकाळी होता. पटांगणात मंडप, लेकरं कानटोप्या घालून, आया शाली पांघरून. तीन तारखेला झालेल्या सावित्रीबाईंच्या जयंतीची पताका अजून व्हरांड्यात लटकत होती. त्या दिवशी चौथीतल्या मुली नऊवारी नेसून, कपाळावर आडवं कुंकू लावून एका दमात भाषणं म्हणतात: १८४८, भिडेवाडा, पहिली मुलींची शाळा. दरवर्षी ऐकते. मला नेहमी वाटतं, कुणीतरी मुक्ता साळवेबद्दलही बोलावं. फुल्यांच्या शाळेत शिकणारी ती मुलगी. मांग-महारांच्या दुःखाविषयी तिने लिहिलेला निबंध १८५५मध्ये 'ज्ञानोदय'ने छापला. शाळेच्या यशाची गोष्ट सांगायची तर तीच. तिचा वर्गात कितवा नंबर होता, असं आजवर कुणी विचारलेलं मी तरी ऐकलं नाही. तिला काय लिहिता येत होतं ते मात्र आजही वाचता येतं.

ऑफिसच्या भिंतीवर शिष्यवृत्तीधारकांचा लाकडी फलक आहे, हिरव्या पाटीवर पांढरी नावं. तो वरचा अर्धा भरलेला आणि खालचा कोरा. शिष्यवृत्तीची परीक्षा २०१६-१७मध्ये चौथीची पाचवीला गेली होती आणि ही शाळा चौथीपर्यंतच. मुलं हुशार होती तोवर नावं होती आणि मग हुशार मुलं संपली, असं फलक बघून कुणालाही वाटावं. पाहुणे चहा पिताना त्याच फलकाखाली उभे होते.

कार्यक्रम कसा झाला? खरं सांगायचं तर लांबला. एकाहत्तर मुलं, प्रत्येकाचं नाव, प्रत्येकाचं वाक्य माइकवरून, मग टाळ्या. पहिल्या वीसेक वाक्यांना मंडपात शांतता होती. आया एकमेकींना कोपर मारून विचारत होत्या, कोणाचा तो, कोणाचा? चष्मेवाल्या मुलीच्या वाक्याला तिची आई उठून उभी राहिली आणि उगाचच पुन्हा खाली बसली. पण चाळिसाच्या पुढे पोट्टी मातीत रेघोट्या ओढायला लागली, पाहुण्यांनी दोनदा घड्याळ बघितलं, आणि वाक्यांची चव गेली. रोज पुरणपोळी वाढली तर होतं तसं. मी मॅडमना नंतर सांगितलं, पुढल्या वर्षी हे वर्गावर्गात करा, दार लावून, फक्त त्या मुलांच्या आयाबापांसमोर. मंडपात नाच ठेवा. त्यांना पटलं नाही. त्यांच्या मते सगळ्यांनी सगळ्यांचं ऐकायला हवं.

आणि कार्यक्रम संपल्यावर एक बाप आले. ऑटो चालवतात. मुलगी चौथीत, पहिलीपासून वर्गात पुढे. तिच्या कागदावर होतं: "गणित चुकलं की पान फाडायची, आता खोडून तिथेच पुन्हा करते." बापाने कागद पुढे धरला.

"मॅडम, पोरगी तीन वर्षांपासून पहिली येऊन राहिली, अन् तुम्ही हे काय लिहून राहिले? पान फाडते म्हणून?"

मॅडमनी समजावलं. त्यांनी ऐकून घेतलं, भांडले नाहीत, पण कागद घडी करून खिशात घातला. कार्डशीटची घडी पडली की मोडतेच. मला तो आवाज ऐकू आला.

मला त्यांचं चुकलं असं वाटत नाही. माझ्याकडे पेला आहे ना! वरच्या इयत्तेच्या शाळेत प्रवेशाला जाताना त्यांना फाइलमध्ये एक असा कागद हवा होता, जो टेबलामागच्या अनोळखी माणसाला एका नजरेत कळेल. 'पहिला क्रमांक' हे दोन शब्द एका नजरेत कळतात. पान फाडण्याची गोष्ट कळायला आधी ती मुलगी माहीत असावी लागते. मी असते तर खाली कोपऱ्यात बारीक अक्षरात नंबरही घातला असता. मॅडमनी नाही घातला. यावर आमचं अजून एकमत नाही.

मला या सगळ्यात तान्हा पोळा आठवत होता. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, एकीकडे मारबतींच्या पुतळ्यांची मिरवणूक निघालेली असते आणि इकडे गल्लीत लेकरं चाकांचे लाकडी बैल ओढत दारोदार येतात. आपण बैलाला कुंकू लावतो आणि लेकराच्या हातावर बोजारा ठेवतो. दहा रुपये, वीस रुपये. कुणाचा बैल सागवानी, कोरीव शिंगांचा, आजोबांच्या काळातला. कुणाचा कालच बाजारातून आणलेला, एक चाक लटपटणारा. बोजारा सगळ्यांना. पण माझी आई बोजारा देताना प्रत्येक बैलाबद्दल काहीतरी बोलायची. "अगं बाई, झूल बदलली वाटते यंदा." "मागच्या वर्षी शिंग तुटलं होतं ना रे याचं? कोणी जोडलं?" पोरं पैसे मुठीत धरून उभीच राहायची, पुढच्या घरी जायचं सोडून. मंडळांच्या सजावट स्पर्धा आल्या तशी पोरांची नजर परीक्षकांवर असते. आईसारखं मागच्या वर्षीचं शिंग लक्षात ठेवणारं कुणी दारात उभं असेल तर गोष्ट वेगळी.

मंडप उतरवायला लागले तशी मी निघाले. पाठीमागून पदर ओढल्यासारखा झाला. दुसरीतली मुलगी, दोन वेण्या, लाल रिबिनी, कागद छातीशी.

"आजी, तुम्ही लिहिलं का हे?"

कौतुकाची वाट बघत मी हो म्हटलं.

"चुकलं हे."

मी चष्मा लावला. तिच्या बाईंच्या यादीत वाक्य होतं, "७९ला एकोणऐंशी आणि ८९ला एकोणनव्वद म्हणते, गोंधळत नाही." आणि मी लिहिलं होतं, "८९ला एकोणऐंशी आणि ७९ला एकोणनव्वद म्हणते." माइकवर वाचलं ते यादीवरून, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नाही. या 'एकोण'ने पिढ्यान् पिढ्या छळलंय. म्हणायचं पुढच्या दशकाचं नाव आणि लिहायचा मागच्या दशकाचा आकडा. २०१९मध्ये बालभारतीने दुसरीच्या गणितात 'वीस एक, वीस दोन' अशी वाचायची सोय केली तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. गणित समितीच्या अध्यक्ष मंगला नारळीकरांना किती समजावून सांगावं लागलं. मीही तेव्हा पेपर वाचून नाक मुरडलं होतं, की आमच्या वेळी आम्ही शिकलो नाही का?

"ऐंशी व्हायला एक कमी," मुलगी मला समजावत होती, बोट कागदावर ठेवून. "म्हणून इथे सात पाहिजे. तुम्ही आठ काढला."

"बरोबर आहे गं बाई."

"अन् इथे आठ पाहिजे."

पर्समध्ये निब होती, शाईची कुपी होती, अर्धं ब्लेडही होतं. व्हरांड्याच्या पायरीवर बसले. ब्लेडच्या कोपऱ्याने आठ खरवडला, सात खरवडला, कागदाचा उठलेला रवा नखाने घोटून बसवला. ती गुडघ्यांवर हात ठेवून वाकून बघत होती, माझ्या हातावर तिचा श्वास लागत होता. आधी सात काढला. मग आठ.

"आता?" मी विचारलं.

तिने ओठ हलवत दोन्ही आकडे वाचले. मान डोलावली. कागद उचलायला हात पुढे केला, आणि मी म्हटलं, थांब, शाई ओली आहे. तशी ती पायरीवर माझ्या शेजारी बसली आणि सातावर हळूहळू फुंकर घालायला लागली.